रेमीच्या चित्राची उजवी बाजू

आमचे चित्रकलेचे मास्तर मस्यू गारीग चित्रासमोर उभे राहून नाक खाजवायला लागले की समजायचं, आज पुन्हा सगळं खरडून काढायचंय. ते ओरडत नसत. ओरडले असते तर मीही चार शब्द सुनावले असते आणि फिट्टंफाट झाली असती. माझ्या इस्त्रीच्या दुकानात कामाच्या बायका मला टरकून असायच्या. इथे हा काटकुळा माणूस नुसतं नाक खाजवायचा आणि मी अठ्ठेचाळीस वर्षांची बाई नापास झालेल्या पोरीसारखी खाली बघत बसायचे.

मला चित्रकार व्हायचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. मोंपार्नासमध्ये राहणाऱ्या माणसाला ती हौस उरत नाही. आमच्या गल्लीत दगड भिरकावला तर तो चित्रकारालाच लागतो, आणि त्याचा रंगानं बरबटलेला शर्ट धुवायला माझ्याकडेच येतो. मला फक्त एक चित्र पुरं करायचं होतं. तेही अर्धंच.

ते माझ्या मुलाचं होतं, रेमीचं. गारीगांच्या वर्गात तो ती नवी कोनाकोनांची चित्रकला शिकत होता, ज्यात एकच वस्तू समोरून, वरून, बाजूनं अशी एकदम दिसते म्हणे. लढाईवर जायचं बोलावणं आलं तेव्हा एक वस्तुचित्र चालू होतं. टेबल, त्यावर बाटली, पेला, वर्तमानपत्र. डावी बाजू रंगवून झालेली, उजवीकडे कोळशाच्या चार रेघा आणि कोरा कॅनव्हास. "आल्यावर पुरं करतो, कुणी हात लावू नका," असं म्हणून गेला. पुढच्या वर्षी त्याच्याऐवजी नगरपालिकेचा माणूस आला, टोपी हातात धरून.

लढाई संपल्यावर गल्लीतल्या चित्रकारांनी ठरवलं की जी पोरं परत आली नाहीत त्यांची चित्रं वसंतात एकत्र मांडायची. माझा नवरा फिर्मां फ्रेमा करतो. त्यानं ओकच्या लाकडाची अशी फ्रेम केली की राजवाड्यातसुद्धा लाजायला नको. पण चित्र काही तो तिच्यात बसवेना.

"पोरानं ताटात कधी घास टाकला नाही," तो म्हणाला. "त्याचं अर्धवट काम मी लोकांना दाखवणार नाही. पुरं तरी व्हायला हवं, नाहीतर नकोच."

म्हणून आम्ही दोघं कॅनव्हास घेऊन गारीगांकडे गेलो. त्यांनी तो भिंतीला टेकवला, बराच वेळ पाहिला, नाक खाजवलं.

"आहे तसाच द्या," ते म्हणाले.

"तुमचाच विद्यार्थी होता," फिर्मां म्हणाला. "तुम्ही पुरं करा. दोन दिवसांचं काम असेल तुम्हाला."

"दुसऱ्याच्या कॅनव्हासला आम्ही हात लावत नाही, मस्यू. आमच्यात तशी रीत आहे."

"तो दुसरा मेला असला तरी?" मी विचारलं.

"मग तर नाहीच, मादाम."

फिर्मांचा चेहरा पडला. तो कॅनव्हास उचलून काखेत मारायला लागला तसं माझं डोकं फिरलं. मोठे आले रीत सांगणारे. भाड्याच्या दिवशी मालकाला चुकवून मागच्या दारानं पळताना रीत आठवत नाही यांना.

"मग मला शिकवा," मी म्हटलं. "आईला काही ती रीत लागू नाही."

ते हसले. त्यांना वाटलं मी टोमणा मारला. सोमवारी सकाळी मी ॲप्रन बांधून वर्गात हजर झाले तेव्हा त्यांचं हसू मावळलं.

वर्गाची मुकादम होती राग्ना नावाची नॉर्वेची मुलगी. शेगडी पेटवायची, जागा नेमून द्यायच्या, भांडणं मिटवायची, ही तिची कामं. विद्यार्थ्यांनीच तिला निवडलं होतं. ती मला म्हणाली, "मादाम, टेबलावरच्या वस्तूंना कुणी हात लावायचा नाही. सगळ्यांचं चित्र होईपर्यंत मांडणी तशीच राहते." मी म्हटलं, कळलं. टेबलावर दारूची बाटली होती, पेला, तंबाखू ओढायचा चिनीमातीचा पाइप, वाटीत तीन नासपती, आणि खाली एक टेबलक्लॉथ. पिवळा पडलेला, कॉफीचे डाग, कुणी अंगाखाली घेऊन झोपलं असावं इतका चुरगळलेला.

आठवडाभर मी दम धरला. शनिवारी सगळे गेल्यावर एकेक वस्तू खाली काढली, टेबलक्लॉथ घरी नेला, भिजवला, उकळला, खळ घातली आणि तापल्या इस्त्रीनं असा काढला की नवा वाटावा. सोमवारी सगळ्यांच्या आधी जाऊन तो अंथरला आणि वस्तू जिथल्या तिथे ठेवल्या. अगदी बोटभरही इकडेतिकडे नाही. वस्तू होत्या तशाच होत्या ना, आणि टेबलक्लॉथचं ती काही म्हणाली नव्हती.

राग्ना आली, शेगडीत लाकडं घातली, मागे वळली आणि तिथेच थबकली.

"मादाम, चुण्या कुठे गेल्या?"

"कसल्या चुण्या?"

"टेबलक्लॉथच्या. महिना झाला आम्ही त्याच रंगवतोय."

"इस्त्री केली," मी म्हटलं. आभार मानेल असंच मला वाटलं होतं.

ती मटकन स्टुलावर बसली. मागाहून आलेल्यांपैकी एकानं कपाळाला हात लावला, एकानं आपला ब्रश खिडकीबाहेर फेकला आणि मग खाली जाऊन शोधून आणला. तेव्हापासून मी तिथे मादाम इस्त्री झाले. गारीग आले, त्यांनी त्या पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर हात फिरवला आणि म्हणाले, "छान. आता सगळ्यांनी चुण्या आठवून काढा. तसंही नुसतं बघून काढत होतात ते मला आवडत नव्हतंच." सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्या दिवशी मी जेवायच्या सुट्टीत कुणाशी बोललेच नाही.

रंगांचं तर विचारूच नका. मातकट पिवळा, काळा, पांढरा आणि थोडा हिरवट, एवढेच द्यायचे. त्यात मी काहीही कालवलं की भांडी धुतल्यावर उरतं तसल्या पाण्याचा रंग व्हायचा. आणि वाळणं! आमच्या धंद्यात सकाळी भिजलेलं संध्याकाळी घडी होऊन गिऱ्हाइकाच्या हातात पडतं. तेलरंगाला घाई चालत नाही. खालचा थर पातळ, टर्पेंटाइनचा, तो वाळल्यावर वरचा तेलकट. मी उलटं केलं. खाली तेल ओतून जाडजूड लेप दिला, आणि वाळेना म्हणून कॅनव्हास घरी नेऊन कपडे वाळवायच्या शेगडीवर टांगला. दुसऱ्या दिवशी वर साय धरलेली आणि खाली सगळं ओलं. बोट लावलं तर सायीला सुरकुत्या पडल्या.

"शिकतेयस की स्वयंपाक करतेयस?" फिर्मांनं विचारलं.

"तू तुझे खिळे ठोक."

"फ्रेम केव्हाची वाट बघतेय, ओनोरिन."

"मग तिला सांग, बाईला अक्कल नाही."

जेवताना तो त्या कोऱ्या उजव्या बाजूकडे बघायचा आणि मी सूप ढवळत राहायचे.

नाताळ गेला. माझा हात जरा सरावला. बाटली बाटलीसारखी यायला लागली, नासपती तर इतकी हुबेहूब की राग्ना म्हणाली, खावीशी वाटते. मी खूश होऊन गारीगांकडे बघितलं. बोट नाकाकडे गेलेलं.

"हे दुकानाच्या पाटीवर चालेल," ते म्हणाले. "आपण इथे ते करत नाही."

ठीक आहे. कोन हवेत ना तुम्हाला, घ्या कोन. मी रेमीचं चित्र पाहिलेलं होतं, त्यात कशा सरळ रेघा बाटलीतून निघून पेल्यात शिरल्या होत्या ते मला पाठ होतं. मी पट्टी घेतली. आधी बाटली नीट काढली, छाया-प्रकाश घालून गोल केली, मग पट्टीनं आडव्या-तिरप्या रेघा मारल्या आणि रेघेच्या एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिकं, असं करत गेले. बघता बघता सगळं टेबल तडकलं. मला वाटलं, जिंकले. एवढंच होतं तर.

गारीग आले. या वेळी त्यांनी नाकसुद्धा खाजवलं नाही, सरळ माझ्या शेजारी बसले.

"मादाम देल्कूर, तुम्ही काय केलंत सांगू? तुम्ही जुन्या पद्धतीची बाटली काढली आणि मग फोडली."

"तुमच्या चित्रातही तुकडेच असतात."

"माझ्या चित्रात तुकडे आधी असतात. त्यांची बाटली बांधायची. फोडायची नाही, बांधायची. ही चूक सगळे करतात."

"मग सगळे येडपट आहेत."

"काही दिवस, हो."

मी पट्टी टेबलावर आपटली. पाइपचा दांडा मोडला. राग्ना धावत आली आणि म्हणाली, "मादाम, नाचता येईना, अंगण वाकडं." मी तिला काय म्हणाले ते इथे सांगण्यासारखं नाही. जिन्यात येऊन मी रडले, आणि रडू आलं याचाच जास्त संताप आला. काय करत होते मी तिथे? दुकानात चादरींचे ढीग पडलेले, कामाच्या बायका डोक्यावर बसलेल्या, आणि मी एका बाटलीपायी वेडी झालेले.

तरी सोमवारी गेले. न जाऊन घरी त्या कोऱ्या बाजूसमोर सूप ढवळत कोण बसणार?

पुढचे काही आठवडे पहिले पाढे पंचावन्न. काढायचं, खरडायचं. एकदा गारीग वैतागून मला म्हणाले, "डोळे मिटा. बाटली कशी असते, सांगा."

"हिरवी."

"आणखी."

"बुडाला गोल."

"बूड कधी पाहिलंत तुम्ही? बाटली तर उभी आहे."

"टेबलक्लॉथवर दिसतं ना," मी म्हटलं. "दारूचं गोल कडं उमटतं. धुऊन जात नाही, मीठ लावून ठेवावं लागतं. आणि मान कशी असते तेही माहीत आहे, ओतताना मानेला गुंडाळलेल्या नॅपकिनवर अंगठ्याचा डाग येतो."

"मग ते काढा," असं म्हणून ते निघून गेले.

मला राग आला, कारण हे सांगणं नव्हे, टाळणं झालं. पण करायला दुसरं काही नव्हतं. मी बाटलीकडे पाठ केली आणि डागापासून सुरुवात केली. पातळ रंगात ते गोल कडं काढलं, वरून दिसतं तसं. त्यावर बाटलीचं अंग उभं केलं, बाजूनं, जेवढं हाताच्या पकडीत येतं तेवढंच. मग मान, जिथे अंगठा पडतो तिथे वळलेली. टेबलाची कड जिथे गरज वाटली तिथेच ओढली, बाकी मोकळी सोडली. थर वाळायला ठेवून दुकानात गेले आणि चार दिवस त्याच्याकडे फिरकले नाही. परत आले, तेलकट थर दिला. पट्टीची आठवणसुद्धा झाली नाही. तळहाताएवढं चित्र होतं, पण त्यातल्या बाटलीतून दारू ओतता आली असती.

गारीग समोर उभे राहिले. मी त्यांच्या नाकाकडे बघत होते.

"हं," ते म्हणाले. "ही उभी राहते."

एवढंच. राग्नानं येऊन माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मी तडक घरी निघाले. वाटेत बेकरीतून लोण्याची पोळी घेतली, कारण आज फिर्मांला सांगायचं होतं की फ्रेम काढ, आता मी पुरं करते.

फिर्मां लाकूड आणायला बाहेर गेला होता. मी इस्त्रीचं टेबल मोकळं केलं, खिडकीशी ओढलं आणि रेमीचा कॅनव्हास त्यावर उभा केला. ब्रश भिजवला. कुठून सुरू करायचं ते ठरवायला डाव्या बाजूकडे नीट पाहिलं.

त्यानं बाटली फोडली होती.

मी आधी मानलं नाही. जवळ गेले, दूर गेले. बाटली जुन्या पद्धतीची होती, छाया-प्रकाश घालून गोल केलेली, सुरेख, आणि मग तिच्यावर पट्टीनं रेघा. शिसपेन्सिलीच्या खुणा अजून रंगाखालून दिसत होत्या. रेघा बाटलीतून निघून पेल्यात शिरत होत्या, पण का शिरत होत्या त्याला काही कारण नव्हतं. माझ्याच चित्रातून उचलून ठेवल्यासारखं होतं. खरं म्हणजे मीच त्याच्यातून उचललं होतं. इतकी वर्षं ते चित्र माझ्या भिंतीवर होतं आणि त्याच्याइतकं सुंदर मला जगात काही वाटत नव्हतं. आता ते तडकलेलं दिसत होतं, आणि काही केलं तरी पहिल्यासारखं दिसेना.

गारीग जेवायला बसले होते, पाव आणि चीजचा तुकडा. मी दार न वाजवता आत गेले.

"तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"रेमीनं बाटली फोडलीय."

त्यांनी पाव खाली ठेवला. "हो."

"म्हणून हात लावला नाहीत. रीत-बीत काही नाही."

"रीत आहे," ते म्हणाले. "पण मी पुरं केलं असतं तर उजवी बाजू बरोबर आली असती, मादाम. मग सगळ्यांनी डावीकडे पाहिलं असतं."

"आणि मला कशाला शिकवलंत? नाहीतर ते मला दिसलं नसतं, सुखात होते मी."

"मला वाटलं, आठवड्यात कंटाळाल," ते म्हणाले. "मग तुम्ही तो टेबलक्लॉथ धुऊन आणलात, आणि कळलं की या बाई काही जात नाहीत."

त्यांच्यावर ओरडावंसं वाटत होतं आणि कशाबद्दल ओरडायचं ते सापडत नव्हतं. चूक दुरुस्त करायला डावी बाजू खरडावी लागली असती. तिथे माझ्या पोराचा हात होता. मी खरडणारी कोण?

घरी येऊन मी पट्टी शोधली. उजवीकडे कोळशाच्या रेघांत वाटी आणि पाइप होता. वाटी आधी नीट काढली, गोल केली, मग फोडली. सोपं असेल असं वाटलं होतं, कारण चुकीचंच तर करायचं होतं. पण हात ऐकेना. वाटीची कड आपोआप मोकळी सुटायची, तळ आपोआप वर यायचा. हिवाळाभर जे अंगात मुरवलं ते आता चिमटे काढून बाहेर काढावं लागत होतं. चार वेळा पुसलं. दात-ओठ खात पट्टी दाबून धरली आणि रेघा मारल्या, त्याच्याइतक्याच सरळ, त्याच्याइतक्याच बिनकारणाच्या.

थर वाळल्यावर फिर्मांनं चित्र फ्रेममध्ये बसवलं. मागून खिळे मारण्याआधी ते सुलटं करून खुर्चीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे गेला.

"कुठे तो थांबला आणि कुठे तू सुरू झालीस, कळत नाही," तो म्हणाला. मग फ्रेमची कड पुसत म्हणाला, "तू आता शिकलीस. तुला कळतं. चांगलं काढायचा ना गं तो?"

हो म्हणायला काय जात होतं? पण फिर्मांला मी सत्तावीस वर्षांत खोटं सांगितलं नव्हतं, आणि रेमीबद्दल तर सांगवेना.

"शिकत होता," मी म्हटलं. "एक चूक करत होता."

"मोठी?"

"नाही. सगळेच करतात. मीही तीच केली."

"तुझी सुटली?"

"सुटली."

तो चित्राकडे बघत होता, मी त्याच्याकडे. "या वयात तुझी एका हिवाळ्यात सुटली," तो हळूहळू म्हणाला. "मग त्याला किती लागलं असतं?"

"माझ्याइतकं नसतं लागलं," मी म्हटलं. "ईस्टरपर्यंत सुटली असती."

फिर्मां खाली बसला आणि त्यानं चेहरा दोन्ही हातांत घेतला. रेमीला बोलावणं आलं होतं जानेवारीत, ईस्टरच्या तीन महिने आधी.